मागचा झापा लावतो

अक्कांच्या सायकलला घंटी नव्हती. हँडलवर पट्टीचा गंजका वळ तेवढा होता, म्हणजे कधीकाळी ती असणार. पण अक्कांनी ती स्वतःच्या हातानं काढून उपकेंद्राच्या टेबलावर ठेवली होती, पुढचा पेशंट आत बोलवायला. "घंटी धुळ्यात वाजवा," त्या म्हणायच्या, "तिथं कोण कोणाला ओळखतं? इथं माणसाला नाव असतं." आणि खरंच, पायवाटेवर लांब कुठं डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसली, की अक्का तिला पाठीवरून ओळखायच्या आणि हाक द्यायच्या, "जिजा, उजवीकडं हो गं माय." जिजा उजवीकडे व्हायची. अक्का तिच्या बाजूनं जाता जाता सुनेला कितवा महिना चाललाय, गोळ्या पोटात जातात की उकिरड्यावर, एवढं सगळं विचारून मोकळ्या व्हायच्या, आणि सायकल काही थांबायची नाही.

सिंधूअक्का साक्री तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. मूळच्या एरंडोलच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, नोकरी डोंगराकडची. मी तेव्हा साक्रीला पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं गिरवणारा माणूस. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दिवसभर लोकांच्या रेघा गिरवून जीव आंबून जायचा, म्हणून रविवारी मी वडिलांची काळी सायकल काढून कान नदीच्या पलीकडे डोंगराच्या वाटांवर घालायचो. बरोबर कधी एक-दोघं, आणि कायम पारस असायचा. त्याच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन साक्रीत कापडाचं दुकान थाटलं होतं, आणि नातवानं जाड टायरची, सरळ हँडलची सायकल आणली होती, तालुक्यातली पहिली. तिला पाहायला दुकानासमोर माणसं उभी राहायची. गिऱ्हाईक कमी, बघे जास्त.

अक्कांची माझी पहिली भेट नाल्यात झाली. म्हणजे नाल्यात मी होतो. एका उतारावर पारसच्या जाड टायरांची बरोबरी करायला गेलो आणि सायकलसकट खाली गेलो. कोपरं सोलली, गुडघ्यातून रक्त. पारस पुढे कुठं निघून गेला होता कोण जाणे. तेवढ्यात समोरच्या चढावरून पांढरं लुगडं नेसलेली, पन्नाशीची, दणकट बाई लेडीज सायकल ढकलत आली. मला पाहून तिनं आधी सायकल झाडाला टेकवली, मग कॅरियरचा डबा उघडला, आणि थेट जखमेवर टिंक्चर ओतलं. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "उतारवर कोनीबी शहाना ऱ्हास, भाऊ. चढवर समजस."

मग चौकशी सुरू झाली. कुठले, कोणाचे, या नाल्यात काय काम होतं? मी म्हणालो, "काम काही नाही. सायकल चालवायला आलो."

"कामाशिवाय?"

"हो."

अक्का एवढ्या हसल्या, की त्यांना खाली दगडावर बसावं लागलं. बावीस वर्षं त्या या डोंगरांत सायकल चालवत होत्या, लस घेऊन, बाळंतपणाची पिशवी घेऊन, हिवतापाच्या गोळ्या घेऊन. कोणी मजेखातर हे चढ चढतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता त्या नदीच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, हजर. म्हणाल्या, "बघू तरी, कामाशिवाय सायकल कशी चालवतात."

अशी त्या आमच्यात आल्या. खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्यात गेलो. कारण तोवर आम्ही तिघं-चौघं नुसते भटकत होतो. अक्का आल्यावर त्याला शिस्त लागली आणि माणसंही वाढली. शाळेचे दोन मास्तर आले, एक कंपाउंडर आला, टपालातले एक गृहस्थ आले. आठ-नऊ जण व्हायचो. अक्कांनी एक रीत घालून दिली, तिला आम्ही 'वाट देणं' म्हणायचो. ज्याला एखादी चांगली वाट ठाऊक असेल, त्यानं ती मंडळींना द्यायची. पण सांगून नाही, दाखवून. पहिल्या वेळी देणारा पुढे, बाकीचे मागे. वाट ज्याच्या बांधावरून जाते त्याच्या दारात थांबायचं, पाणी प्यायचं, प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, त्याचं विचारायचं. मगच पुढे. पारस चिडायचा. "अक्का, तासाभराची वाट तुमच्याबरोबर चार तासांची होते."

"मग उरलेले तीन तास दुकानात बस," अक्का म्हणायच्या. "कापड मोजायला माणूस कमीच आहे तुझ्या बापाकडे."

दुसरी रीत झाप्याची. आमच्याकडे शेताच्या कुंपणात वाटेपुरती जागा सोडतात आणि बाभळीच्या काटेरी फांद्या बांधून केलेला झापा तिथं आडवा लावतात, गुरं आत शिरू नयेत म्हणून. पुढच्यानं झापा काढायचा, सगळ्यांनी जायचं आणि शेवटी जो असेल त्यानं तो परत लावायचा. अक्का प्रत्येक झाप्यापाशी तेच वाक्य म्हणायच्या, "मांगला झापा लावस." मागचा कोण, यावरून आमच्यात भांडणं व्हायची, कारण काट्यांशी झटायची कोणाला हौस? मी तर शेवटचा राहू नये म्हणून उगाच जोरात पायडल मारायचो. अक्कांच्या ते लक्षात यायचं, पण त्या बोलायच्या नाहीत.

सगळ्या वाटांत अक्कांची एक वाट राणी होती. लहानू आबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वावरातून निघायची, दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून चढायची आणि पलीकडे मोहाच्या झाडांतून थेट पाड्यावर उतरायची. पाच किलोमीटर. चढ दम काढणारा, आणि उतार असा की पोटात खड्डा पडावा. पारस त्या उतारासाठी अक्षरशः आठवडाभर जगायचा. अक्कांसाठी मात्र ती रोजीरोटीची वाट होती. दर बुधवारी थर्मासात बर्फ आणि लस घालून त्या याच वाटेनं पाड्यावर जायच्या. डांबरी रस्त्यानं गेलं तर चौदा किलोमीटर, आणि उन्हात बर्फाचा काही भरवसा नाही. आबांनी ती वाट अक्कांसाठी उघडी ठेवली होती. त्यांच्या नातवाचा जन्म अक्कांच्या हातचा. ही वाट अक्कांनी आम्हाला सगळ्यांत शेवटी दिली, जवळजवळ वर्षभर पारखून.

आता माझी चूक सांगतो. सांगायला तीस वर्षं लागली असं नाही, पण लिहायला लागली.

मला नकाशे काढता येतात, दुसरं काही येत नाही. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी आमच्या सगळ्या वाटांचा एक नकाशा काढला. टेकड्या, नाले, विहिरी, चढ कुठं, उतार कुठं, सगळं शाईत. आणि दुसऱ्यांच्या रेघा गिरवण्यात आयुष्य चाललेल्या माणसाला पहिल्यांदा स्वतःची रेघ मारायला मिळाली, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात चौकट आखून वळणदार अक्षरात लिहिलं, 'रेखाटन: सुधाकर'. ऑफिसात नकाशांच्या अमोनिया यंत्रावर दहा प्रती काढल्या. पहिली अक्कांना दाखवली. त्यांनी तो निळसर कागद बराच वेळ गुडघ्यावर धरून पाहिला. म्हणाल्या, "छान काढलंयस रे. हात चांगला आहे तुझा." मग घडी घालून परत दिला. "पण हा कोणाला देऊ नको. वाट कागदवर नही ऱ्हास, मानुसमा ऱ्हास."

मला राग आला. वाटलं, म्हातारीला आपली कला समजत नाही. आणि पारसनं मागितल्याबरोबर मी त्याला चार प्रती दिल्या.

पारसचे धुळ्याचे कॉलेजचे मित्र होते. डिसेंबरातल्या एका रविवारी, आम्ही दुसरीकडे गेलेलो असताना, ते सात जण एसटीच्या टपावर सायकली टाकून आले आणि नकाशा हातात धरून आबांच्या वाटेला लागले. वाट बरोबर सापडली. नकाशा चोख होता. आबांचं घर त्यात नव्हतं. आबांचं नाव नव्हतं. झापा नव्हता. पोरांनी झापा बाजूला फेकला, उताराचा आनंद लुटला आणि पलीकडून निघून गेली. संध्याकाळपर्यंत गुरं वावरात होती. घाटे भरत आलेला अख्खा हरभरा गेला.

बुधवारी अक्का लस घेऊन गेल्या तर वाटेच्या तोंडाशी पुरुषभर उंच बाभूळ तोडून आडवी टाकलेली. पलीकडे आबा उभे. हे सगळं अक्कांनीच पुढच्या रविवारी आम्हाला सांगितलं, फरशीवर, नेहमीच्या आवाजात. आबा म्हणाले होते, "बाई, तुम्ही या. तुमनासाठे मी काढस. बाकी कोनी नही." आणि अक्का म्हणाल्या होत्या, "नको आबा. वाट माझ्याकडून बाहेर गेली, म्हणूनच ती माणसं आली. बंद तर बंद, मलाही."

"पण अक्का, तुम्हाला तर ते सोडतायत," कंपाउंडर म्हणाला.

"झापा सगळ्यांना सारखाच असतो," अक्का म्हणाल्या. "कोण आलं होतं, ठाऊक आहे का कोणाला?" त्यांनी एकेकाकडे पाहिलं. पारस चेन बघत बसला. मी नदीकडे पाहिलं. त्या दिवशी आम्ही सरळ डांबरी रस्त्यानं जाऊन परत आलो.

तेव्हापासून दर बुधवारी अक्का चौदा किलोमीटरच्या रस्त्यानं जाऊ लागल्या. पहाटेच निघायच्या, बर्फ टिकावा म्हणून. गुडघा आधीच दुखरा होता, तो सुजायला लागला. मला सगळं दिसत होतं. बुधवार आला की ऑफिसात माझा हात रेघेवरून घसरायचा. रोज वाटायचं, सांगावं. आणि रोज वाटायचं, त्यांना अंदाज असेलच, मग वेगळं काय सांगायचं? भेकड माणसाला असले हिशेब चांगले जमतात. असे पाच बुधवार गेले.

सहाव्या बुधवारी रजा टाकली आणि अक्कांबरोबर निघालो. लशीचा थर्मास माझ्या कॅरियरला बांधून घेतला. मोठ्या चढावर त्या उतरल्या आणि सायकल ढकलत चालू लागल्या, एक पाय ओढत. मीही उतरलो. म्हणालो, "अक्का, नकाशा मी दिला पारसला. तुम्ही नको म्हटलं होतं तरी."

अक्का चालत राहिल्या. चढ संपला तेव्हा थांबल्या, पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "पण मला काय सांगतोस? हरभरा काही माझा नव्हता."

पाड्यावरून परत आल्यावर मी एकटा आबांकडे गेलो. आबांनी खाट टाकली, तांब्या दिला. मी पाणी पिऊन सगळं सांगितलं. ते ऐकत बिडी ओढत राहिले. मग म्हणाले, "हरभरा गया ते गया, पुढला सालले परत येई. पन बाईना मानसं आसं कसं करतीन, हाऊ इचार जात नही." मी म्हणालो, ती बाईंची माणसं नव्हती, आबा. ती माझी. मी म्हणालो, भरपाई सांगा. त्यांनी मान हलवली. "भरपाई नको. सगळ्यास्ले लई ये. तोंडं दखाडा."

एवढंच त्यांनी मागितलं, सगळ्यांना घेऊन ये, तोंडं दाखवा. आणि तेच सगळ्यांत अवघड निघालं. पारस दोनदा धुळ्याला जाऊन आला. पोरं म्हणत होती, म्हातारा मारेल, पोलिसात देईल. पारस त्यांना काय बोलला मला माहीत नाही, पण होळीच्या आधीच्या रविवारी ती सात पोरं एसटीतून उतरली, खाली माना घालून. आम्ही आठ, ती सात. आबांच्या अंगणात आम्ही पंधरा जण उभे राहिलो, लग्नाला वऱ्हाड उशिरा पोचावं तसे ओशाळलेले. अक्का बाजूला निंबाखाली बसून होत्या.

आबांनी एकेकाला पुढे बोलावलं. नाव? गाव? बाप काय करतो? पोरगा सांगायचा, आबा तेच नाव सावकाश परत म्हणायचे, घोकून घेतल्यासारखे. एका पोराच्या डोळ्यांत पाणी आलं; आबा त्याला म्हणाले, "तुना गावले मन्ही बहीण दिली शे." माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "हाऊ सुधाकर माले माहीत शे." सगळं झाल्यावर आत गेले आणि कुऱ्हाड घेऊन आले. पोरं दोन पावलं मागे सरली. आबांनी वाटेवर आडव्या पडलेल्या बाभळीची एक फांदी तोडली आणि कुऱ्हाड पारसच्या हातात दिली. आम्ही दुपारपर्यंत ती बाभूळ तोडली, तिच्याच फांद्यांचा नवा झापा बांधला, हात रक्ताळले. मग अक्कांनी डबा उघडला आणि पंधरा जणांना टिंक्चर लावलं. त्या बुधवारपासून त्या पुन्हा खिंडीच्या वाटेनं गेल्या.

मी घरी येऊन मूळ नकाशा फाडला. प्रतीही गोळा केल्या, दहापैकी नऊ सापडल्या. दहावी कुठं तरी वाऱ्यावर गेली असेल म्हणून सोडून दिली. आणि त्यानंतर कुठल्याही झाप्यापाशी मी आपणहून मागे राहू लागलो. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अक्का फक्त एकदा मागे वळून पाहायच्या, झापा लागला की पायडल मारायच्या.

पाच-सहा वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि एरंडोलला भावाकडे राहायला गेल्या. गुडघ्यानं सायकल सुटली होती. मी एकदा भेटायला गेलो तर खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "एक वाट द्यायची राहिली रे. पद्मालयाच्या गणपतीला जायची, जंगलातून. पण आता दाखवायला येता येत नाही." मी म्हणालो, नकाशा काढू का, तुम्ही सांगा. त्या हसल्या. मग त्यांनी डोळे मिटून नुसती माणसं सांगितली. पहिल्यांदा विहिरीपाशी कौतिक भेटेल, त्याला म्हण सिंधूनं पाठवलं. तो तुला यशोदाच्या शेताकडे लावून देईल. यशोदाला कमी ऐकू येतं, समोर जाऊन बोल. मी तसा गेलो. एकही वळण चुकलं नाही, आणि गणपतीपुढे पोचलो तेव्हा माझ्याबरोबर यशोदाबाईंनी दिलेल्या शेंगांची पिशवी होती.

त्या गेल्या तेव्हा मी बदलीवर शिरपूरला होतो, कळलं उशिरा. दहाव्याला पोचलो. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही. निघताना त्यांच्या भाचीनं एक पाकीट हातात दिलं. "आत्यानं ठेवलं होतं, तुमच्यासाठी."

आत दहावी प्रत होती. मळलेली, एका कोपऱ्यावर गुराच्या खुराची अर्धी खूण. खालच्या चौकटीत माझं वळणदार अक्षर, 'रेखाटन: सुधाकर'.

"हा कागद आबांना वावरात सापडला होता," भाची म्हणाली. "गुरांनी हरभरा खाल्ला त्याच आठवड्यात त्यांनी आत्याला दिला."

म्हणजे फरशीवर एकेकाकडे पाहताना तो त्यांच्या पिशवीत होता. पाच बुधवार चौदा किलोमीटर जाताना तो त्यांच्या पिशवीत होता. मी कसंबसं विचारलं, "मग त्या मला बोलल्या का नाहीत?"

"मीही विचारलं होतं. म्हणे, विचारलं असतं तर सांगितलंच असतं त्यानं. न विचारता सांगतो का, ते पाहायचं होतं."

बाहेर ओट्यावर उजेडात बसून मी कागद उलगडला. माझ्या शाईच्या रेघांवर ठिकठिकाणी अक्कांचं बारीक, निळं अक्षर होतं. मी सोडलेलं सगळं त्यांनी भरून काढलं होतं. इथं जिजा. इथं पाणी मागावं, हंडा दाराच्या उजवीकडे. इथं मोती, भुंकतो, चावत नाही. इथं लहानू आबा, आधी थांबणे. आणि आबांच्या घरापुढे वाट जिथं वावरात शिरते, तिथं एक छोटी आडवी रेघ मारून लिहिलं होतं: 'झापा. लावणार – सुधाकर.'

परवा साक्रीला गेलो होतो. सायकल भाड्यानं घेतली, आणि निघण्याआधी तिची घंटी काढून दुकानदाराच्या हातात दिली. तो बघतच राहिला. आबा आता नाहीत. त्यांची सून ओट्यावर भाजी निवडत होती, तिनं विचारलं, "कोन?" मी म्हणालो, "अक्कांचा सुधाकर." तिनं सूप खाली ठेवलं आणि तांब्या आणला. पाणी पिऊन मी वाटेला लागलो, झापा काढला, सायकल आत घेतली. बरोबर कोणीच नव्हतं. पुढचा मी आणि मागचाही मीच. सायकल बांधाला टेकवली, मागे गेलो आणि झापा लावला.